हातासरशी काय काय बदलायचं? ब्रेक पॅडच्या कामात निघालेले बाकीचे प्रश्न

शनिवारी सकाळी गाडी बाहेर काढताना पुढच्या डाव्या चाकातून पत्रा घासल्यासारखा चिरका आवाज आला. ब्रेक दाबला की थांबायचा, सोडला की पुन्हा सुरू. ब्रेक पॅडच्या (डिस्कवर दाबून चाक थांबवणाऱ्या तुकड्याच्या) पाठीला एक छोटी पोलादी पट्टी असते. घासणारा थर साधारण 2 ते 3 मिलिमीटर उरला की ती चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला टेकते आणि ओरडायला लागते. तेव्हा पॅड संपत आलेत हे नक्की झालं. गाडी नऊ वर्षांची, 74,000 किलोमीटर चाललेली, पुढे व्हेंटिलेटेड (आत हवेच्या खाचा असलेल्या) डिस्क आणि मागे ड्रम.

पॅड बदलणं तासा-दीड तासाचं काम आहे. मनावर ओझं होतं ते त्याच्या पुढच्या प्रश्नाचं: आता चाक उघडतच आहोत, तर डिस्क, कॅलिपर (पॅड दाबणारी पकड), होज (ऑइल नेणारी रबरी नळी), ब्रेक ऑइल, मागचे लायनर (ड्रममधले घासणारे तुकडे) यातलं हातासरशी काय बदलायचं आणि काय ठेवायचं? सगळंच बदललं तर चांगले भाग भंगारात जातात. काहीच नाही बदललं तर तीन महिन्यांनी तेच चाक पुन्हा खोलावं लागतं, आणि ब्रेकच्या बाबतीत एखादा चुकलेला निर्णय जिवावर बेततो. हे काम कसं पार पडलं ते क्रमानं लिहितो आहे.

गॅरेजला जायच्या आधी घरीच दोन गोष्टी पाहिल्या. बॉनेटखाली ब्रेक ऑइलची टाकी खालच्या खुणेच्या जवळ आली होती. पॅड झिजले की त्यांना दाबणारा पिस्टन बाहेर सरकतो आणि तेवढं ऑइल कॅलिपरमध्ये उतरतं, त्यामुळे पातळी घटते. अशा वेळी वरून ऑइल भरू नये. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की ते सगळं परत वर येतं, टाकीतून सांडतं आणि रंग उडवतं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं. मात्र पॅड जाड असताना पातळी उतरली असेल तर ती गळतीच समजायची.

दुसरी गोष्ट तापमानाची. वीस मिनिटं साधी गाडी चालवून आल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरनं दोन्ही पुढच्या डिस्क पाहिल्या. डावी 148 अंश, उजवी 92. एकाच ॲक्सलवर (डाव्या-उजव्या चाकांच्या जोडीवर) एवढा फरक असेल तर डावीकडचा ब्रेक सोडल्यावरही पूर्ण सुटत नाही, असा अर्थ निघतो. थर्मामीटर नसेल तर चाकाजवळ हात नेऊन आच जाणवते का पाहायचं. डिस्कला हात लावायचा नाही.

सोमवारी गाडी गॅरेजला दिली. चाक काढायच्या आधीच एस्टिमेट हातात आलं: पॅड, दोन्ही डिस्क, दोन्ही कॅलिपर, चारही होज पाइप, ब्रेक ऑइल, मागचे लायनर, मागचे व्हील सिलिंडर (ड्रममध्ये लायनर दाबणारे). न मोजता केलेल्या यादीला हो म्हणू नये आणि नाहीही म्हणू नये. जॉब कार्डवर फक्त 'तपासणी आणि मोजमाप' एवढंच लिहून घेतलं, प्रत्येक भागापुढे मोजलेला आकडा मागितला, आणि काढलेले जुने भाग परत द्यायचे ही नोंदही तिथेच करून घेतली. तपासणीची मजुरी वेगळी लागते, पण पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यांवरच होतात.

प्रत्येक भागासाठी तीन प्रश्न ठरवले. मोजमाप मर्यादेच्या आत आहे का? नंतर बदलायचा झाला तर तेवढंच खोलकाम पुन्हा करावं लागेल का? आणि बिघडायच्या आधी हा भाग सूचना देतो का? तिसऱ्या प्रश्नाचं वजन सगळ्यात जास्त. पॅड ओरडून सांगतो, डिस्कची जाडी मोजता येते. होज मात्र आतून फुगतो किंवा फाटतो, सील एका जोराच्या दाबाला सोडून देतं, तेव्हा आधी कसलाच आवाज येत नाही. म्हणून सूचना देणारा भाग मर्यादेपर्यंत वापरायला हरकत नाही; न सांगता जाणाऱ्या भागाला संशयाचा फायदा द्यायचा नाही.

पॅड निघाले. उजवीकडे आतला 4.5 आणि बाहेरचा 5 मिलिमीटर. डावीकडे आतला 2, बाहेरचा 6. हा विषम आकडा फार बोलका आहे. जिथे कॅलिपरला एकच पिस्टन असतो तिथे पिस्टन आतला पॅड दाबतो आणि सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. एक पॅड दुसऱ्याच्या कितीतरी आधी झिजला असेल तर पिस्टन मागे येत नाही, किंवा पिन अडकली आहे, किंवा पॅडचे कान (कडेची टोकं) ब्रॅकेटमध्ये, म्हणजे त्यांना धरणाऱ्या चौकटीत, जाम झाले आहेत. हे कारण न शोधता नुसते नवे पॅड घातले तर तेही तसेच लवकर संपतात.

अडकलेला ब्रेक कशामुळे अडकला, हे ओळखायची एक साधी कसोटी आहे. चाक हवेत असताना ब्रेक दाबून सोडायचा आणि चाक हातानं फिरवून पाहायचं. डावं घट्ट फिरत होतं. मग त्या कॅलिपरचं ब्लीडर निपल (हवा आणि ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करायचं. दाबाचं ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत कोंडला होता, म्हणजे दोष होजमध्ये किंवा त्याच्याही वर. निपल उघडूनही चाक घट्टच राहिलं, तर दोष यांत्रिक: पिस्टन किंवा पिन. इथे घट्टच राहिलं. (निपल गंजलेलं असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं आणि सहा कोनी सॉकेट वापरावं. साध्या पान्यानं त्याचे कोन झिजतात आणि मग खरोखरच कॅलिपर बदलायची वेळ येते.)

वरची पिन बोटांनी सरकत होती. खालची निघायला वीस मिनिटं लागली. तिच्या रबरी बुटाच्या घडीत नखाएवढी चीर होती. तिथून पाणी आत गेलं होतं, जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं आणि पिनचा पुढचा अर्धा भाग तपकिरी, खरखरीत झाला होता. बोट फिरवलं तर पॉलिश पेपरवरून फिरल्यासारखं वाटायचं. दोन बोटांच्या लांबीच्या या पिनेनं डावी डिस्क तापवली होती आणि आतला पॅड खाल्ला होता.

आता कॅलिपरचा निर्णय. पिस्टनच्या धूळ-रबराची कड उचलून पाहिली: आत कोरडं, गंजाचे खड्डे नाहीत. टाकीचं झाकण उघडून, पिस्टनवर जुना पॅड ठेवून सी क्लॅम्पनं (इंग्रजी C च्या आकाराच्या शिकंज्यानं) हळूहळू दाबला, तर एकसारखा, न अडखळता मागे गेला. कॅलिपर चांगला होता. यादीत दोन कॅलिपर होते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचा पिन आणि बुटांचा संच पुरला. रबराखाली ओल दिसली असती किंवा पिस्टनवर खड्डे असते, तर निर्णय वेगळा झाला असता. जिथे पार्किंग ब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच असतो तिथे पिस्टन बहुधा फिरवत आत न्यावा लागतो आणि इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड लावावा लागतो. तिथे क्लॅम्पनं जोर लावला तर आतली यंत्रणाच मोडते.

डिस्कवर सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून इथे जरा थांबतो. कमीत कमी जाडी डिस्कच्या मधल्या टोपीवर किंवा काठावर कोरलेली असते. या डिस्कवर 20 मिलिमीटर होती. नवी असताना जाडी 22. साध्या व्हर्नियरनं मोजलं तर चुकतं, कारण पॅड न पोचणाऱ्या काठावर उंच कड उरते आणि व्हर्नियरचे जबडे त्या कडेवरच टेकतात. मायक्रोमीटर घ्यायचा, काठापासून 10 ते 15 मिलिमीटर आत, गोल फिरत किमान आठ जागी मोजायचं आणि सगळ्यात कमी आकडा धरायचा. डावीकडे 20.3, उजवीकडे 20.6.

दोन्ही आकडे मर्यादेच्या वर आहेत, मग का बदलायच्या? 74,000 किलोमीटरमध्ये डावी डिस्क 1.7 मिलिमीटर झिजली. नवे पॅड आणखी 35,000 किलोमीटर चालतील असं धरलं तर तेवढ्यात ती आणखी 0.8 झिजेल आणि 19.5 वर येईल. म्हणजे पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक असतानाच डिस्क मर्यादेखाली जाईल. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, लवकर तापते, तिला तडे जाऊ शकतात, आणि पॅडही झिजलेले असतील तर पिस्टन नको इतका बाहेर येतो. लेथवर घासून घ्यायचा पर्यायही उरला नव्हता, कारण दोन्ही बाजूंनी थोडं थोडं काढलं तरी 20 च्या आसपास किंवा खालीच गेली असती. शिवाय पॅड काढलेले असताना डिस्कसाठी ब्रॅकेटचे दोनच बोल्ट जास्त खोलायचे असतात. डिस्क बदलायच्या ठरल्या, दोन्ही. एकाच ॲक्सलवर एक नवी आणि एक जुनी डिस्क किंवा पॅड ठेवायचे नाहीत, ब्रेक एका बाजूला ओढतो. हाच आकडा 21.3 आला असता आणि पृष्ठभाग गुळगुळीत असता, तर जुन्या डिस्कवर नवे पॅड बिनदिक्कत चालले असते.

होज पाइप. पुढचे होज स्टिअरिंगबरोबर दर वळणाला पिळतात, मागच्यांना ते कष्ट नसतात. पुढचा डावा होज हातात धरून वाकवला तर वाकाच्या बाहेरच्या बाजूला बारीक आडव्या चिरा उघडल्या, उजव्यालाही कमी पण त्याच जागी. मागचे दोन्ही मऊ, चिरा नाहीत, फुगवटा नाही. होज न सांगता जाणाऱ्यांतला, आणि नंतर बदलायचा तर ऑइल काढणं आणि लाइनमध्ये शिरलेली हवा काढणं (ब्लीडिंग) हे सगळं पुन्हा आलं. पुढचे दोन्ही बदलायचे, मागचे ठेवायचे आणि पुढच्या तपासणीत पाहायचे असं कार्डावर लिहिलं.

ब्रेक ऑइलवर फार विचार करावा लागला नाही. शेवटचं तीन वर्षांपूर्वी बदललेलं होतं, होज सुटणार म्हणून हवा तशीही काढावीच लागणार होती. डॉट 4 ऑइल कोरडं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषून 3.7 टक्क्यांवर गेलं की तीच मर्यादा 155 पर्यंत उतरते. लांब घाट उतरताना ऑइल उकळून वाफ झाली तर पेडल थेट खाली जातं. दोन वर्षांनी बदलणं म्हणूनच सांगितलेलं असतं.

मागचे ड्रम उघडले. धूळ हवेच्या नळीनं उडवायची नाही, ब्रेक क्लीनरनं ओली करून पुसायची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि कुठल्याही ब्रेकची धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नसते. लायनर 3.2 मिलिमीटर, मर्यादा 1. ड्रमचा व्यास कोरलेल्या कमाल आकड्याच्या आत. व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांचे रबर उचलले, तिथून थेंब आला असता तर सिलिंडर दोन्हीकडचे बदलले असते आणि ऑइल लागलेले लायनरही टाकावे लागले असते. इथे कोरडं होतं. मागचं काही बदललं नाही.

मास्टर सिलिंडरसाठी (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या भागासाठी) इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोरानं अर्धा मिनिट दाबून धरलं. पेडल हळूहळू खाली बसत गेलं असतं तर आतलं सील गेलेलं असतं. बसलं नाही. चाक वर-खाली धरून हलवलं, बेअरिंगला खेळ नव्हता, फिरवताना घरघर नव्हती.

मंगळवारी सुधारित एस्टिमेट आलं. त्यात ब्लीडिंगची मजुरी दोनदा होती, एकदा होजखाली आणि एकदा ऑइल बदलण्याखाली. काम एकच असतं, दाखवल्यावर एक ओळ निघाली. बारीक सारीक पण आवश्यक गोष्टी उलट सुटल्या होत्या, त्या घालून घेतल्या: पॅडच्या क्लिपा आणि होजच्या बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर. ही सगळ्यात स्वस्त यादी आहे आणि नेमकी हीच वाचवली जाते. अंतिम रक्कम पहिल्या अंदाजाच्या निम्म्याहून थोडी जास्त झाली.

मग वाट पाहणं. डिस्क आणि पॅड गुरुवारी आले. होज आले तेव्हा उजव्याचं ब्रॅकेट जुळेना, मॉडेलच्या नावावर मागवले होते. चेसिस नंबर देऊन पुन्हा मागवले, शनिवारी मिळाले. तोवर जुने होज सोडवले नव्हते हे बरं झालं. नवा भाग हातात येऊन जुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय ऑइलची लाइन उघडायची नाही. गाडी पाचही दिवस स्टँडवर होती. कॅलिपर तारेनं स्प्रिंगला बांधून ठेवला होता, होजवर कधी लोंबकळत ठेवू नये.

शनिवारी जोडणी. नवी डिस्क ब्रेक क्लीनरनं पुसून बसवली, चाकाचे नट वॉशर घालून आवळले आणि डगमग मोजणारं डायल गेज लावलं. डावीकडे डगमग 0.09 मिलिमीटर, या गाडीला 0.05 च्या आत हवी. डिस्क नवी कोरी, सदोष असेल असं वाटलं. ती काढून हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) तोंडावरून पट्टी फिरवली तर नखाच्या कडेसारखी पातळ गंजाची खपली सुटली. तार-ब्रशनं हब चकचकीत केलं, डिस्क परत लावली: 0.03. ही डगमग पहिल्या दिवशी पेडलला कळत नाही. दर फेरीला उंच जागा पॅडला घासत राहते, काही हजार किलोमीटरमध्ये डिस्कची जाडी असमान होते आणि मग पेडल थरथरतं. "नव्या डिस्क वाकल्या" ही तक्रार बऱ्याचदा अशा एका खपलीतून जन्मते.

ब्रॅकेटमध्ये क्लिपा बसतात त्या जागाही घासून घेतल्या. तिथला गंज क्लिप वर उचलतो आणि नवा पॅड जाम होतो. पिनांना सिलिकॉन ग्रीस, साधं ग्रीस नाही, त्यानं रबर फुगतं. दोन पिनांपैकी एकीला टोकाशी रबरी बुश असेल तर तिची जागा आधी लिहून ठेवावी. पॅडच्या कानांना उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ, घासणाऱ्या थरावर अजिबात नाही. ब्रॅकेटचे आणि पिनांचे बोल्ट पुस्तिकेतल्या आकड्यानं टॉर्क रेंचनं आवळले.

हवा काढायचा क्रम गाडीगणिक वेगळा असतो. या गाडीत मागचं उजवं, पुढचं डावं, मागचं डावं, पुढचं उजवं. एक जण पेडलवर, एक निपलवर, टाकी एकदाही खालच्या खुणेखाली जाऊ दिली नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पेडल तळापर्यंत दाबू नये. सील एरवी न वापरलेल्या, खरखरीत भागात जाऊन फाटतं. म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला. पहिल्या फेरीनंतरही पेडल मऊच होतं. कॅलिपरला रबरी हातोडीनं हलके ठोके देऊन तासाभरानं दुसरी फेरी केली, डाव्या पुढच्यातून बुडबुड्यांची लांब माळ निघाली आणि पेडल घट्ट झालं. साधारण लिटरभर ऑइल लागलं.

मग इंजिन चालू करून मिनिटभर जोरात पेडल दाबून धरलं आणि प्रत्येक सांधा कोरड्या कागदानं टिपला. उजव्या बँजोखाली कागद ओला झाला. एक जुना वॉशर चुकून परत लागला होता. दोन्ही नवे लावले, त्या चाकाची हवा पुन्हा काढली, कागद कोरडा.

गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहायचं हे कुणीही विसरू नये. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दाबाला ब्रेक नसतोच.

रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर नवे पॅड घासून डिस्कशी जुळवून घेतले: ताशी 50 वरून 10 पर्यंत मध्यम जोरानं ब्रेक, अर्धा मिनिट मोकळं चालवणं, असं दहा वेळा. मध्ये पूर्ण थांबून पेडल दाबून धरायचं नाही, गरम पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो. पहिले 300 किलोमीटर गरज नसताना करकचून ब्रेक लावला नाही.

500 किलोमीटरला गाडी पुन्हा वर घेतली. नट टॉर्कला तपासले, होजचे सांधे कोरडे, टाकीची पातळी वरच्या खुणेवर. वीस मिनिटांच्या फेरीनंतर डावी डिस्क 88 अंश, उजवी 91. हे आकडे, नव्या डिस्कची जाडी 22.0 आणि मागच्या होजची "पुढच्या वेळी वाकवून पाहणे" ही नोंद जॉब कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून ते कार्ड गाडीच्या पुस्तिकेत ठेवलं आहे.